बाबा, माऊस सोडा

‘मला व्हिडिओ गेमची आवड आहे, म्हणून मुलांना गेम बनवायला शिकवायला घेतलं. सुरुवातीला उड्या मारत होती, महिन्याभरात कंटाळली. आमचं काय चुकतंय?’ ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या पालकांकडून आता इतक्यांदा ऐकली आहे की पुढचं वाक्यही ठाऊक असतं: ‘आजकालच्या मुलांना चिकाटीच नाही.’

अशाच एका वडिलांसोबत त्यांची अकरा वर्षांची मुलगी आली होती. वडील रोज रात्री तास-दीड तास खेळणारे. लेकीसाठी त्यांनी गोडो इंजिन, म्हणजे कोड लिहून गेम बनवायचं सॉफ्टवेअर, उतरवून घेतलं होतं, कारण ‘शिकायचं तर खरं शिकावं’. चार रविवार झाले आणि पाचव्या रविवारी तिचं पोट दुखायला लागलं.

मी विचारलं, ‘गेम कुणाचा?’

‘तिचाच की!’ मग ते दहा मिनिटं शत्रू, शस्त्रं आणि बॉसची शेवटची लढाई यांवर बोलले.

मुलीला विचारलं. ती म्हणाली, ‘मला मासे पकडणारी मांजर हवी होती. बाबा म्हणाला, मांजर नंतर करू.’

चिकाटीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. जो गेम आपला नाही, त्याच्यासाठी चिकाटी आणायची कुठून?

आम्ही गोडो बाजूला ठेवून स्क्रॅच घेतलं. त्यात कोड लिहायचा नसतो, सूचनांचे ठोकळे (ब्लॉक) एकाखाली एक जोडायचे असतात. ते आठ ते सोळा वयासाठीच बनवलेलं आहे. पडदा ४८० बाय ३६०, मध्यबिंदू शून्य. म्हणजे आडवं उणे २४० ते २४०, उभं उणे १८० ते १८०. दोन स्प्राइट, म्हणजे पडद्यावरची पात्रं: मांजर आणि मासा. ‘गुण’ नावाचं एक व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवायची जागा; गेम सुरू करणारा हिरवा झेंडा दाबताच ते शून्यावर यायला हवं. नाहीतर मागच्या डावाचे गुण तसेच राहतात. मांजर बाणांच्या कळांनी डावी-उजवीकडे. मासा वर, उभ्या १७०वर, आडव्या कुठल्याही जागी, आणि तिथून दर फेरीला पाचने खाली. तळ गाठला की परत वर. या ‘तळ गाठला’मध्ये एक खोच आहे. अट ‘उणे १८०पेक्षा कमी’ अशी लिहिली तर लहान मासा तळाशी अडकून बसतो, कारण स्क्रॅच स्प्राइटला पडद्याबाहेर पूर्ण जाऊच देत नाही. अट उणे १७० ठेवली की काम होतं.

वडिलांना एकच पथ्य दिलं: हात मांडीखाली. बोलायचे दोनच प्रश्न. ‘काय व्हायला हवं होतं?’ आणि ‘काय होतंय?’

तिसऱ्या भेटीत मासा मांजरीला लागला, पण गुण वाढले नाहीत. वडिलांना चूक क्षणात दिसली. हात माऊसकडे निघाला, मी नुसतं पाहिलं, हात परत गेला. मोठ्या कष्टाने त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

मुलगी ब्लॉकवर बोट ठेवून वाचू लागली. ‘झेंडा दाबला की... मासा मांजरीला लागला असेल तर... गुण एकने वाढव... आणि मग?’ बोट खाली सरकलं. खाली काहीच नव्हतं. ‘संपलंच! म्हणजे हे एकदाच विचारतंय. सुरुवातीला. तेव्हा तर मासा वर असतो!’

तिने तो ‘असेल तर’चा ‘इफ’ ठोकळा उचलून ‘फॉरएव्हर’ या सतत फिरणाऱ्या लूपच्या पोटात ठेवला आणि खेळून पाहिलं. एका माशाचे चौदा गुण! ती खो खो हसली. लूप सेकंदाला तीसेक वेळा फिरतो; मासा मांजरीला चिकटून असेपर्यंत गुण वाढतच राहतात. गुण मिळताच माशाला वर पाठवायचं, हे तिचं तिलाच सुचलं. घड्याळात अकरा मिनिटं गेली होती. वडिलांनी केलं असतं तर अर्ध्या मिनिटात झालं असतं आणि चौदा गुणांची गंमत कुणालाच कळली नसती.

मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पिआजे यांच्याबरोबर जिनिव्हात काम केलेले सेमूर पॅपर्ट यांनी सहकाऱ्यांसह १९६७मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा केली. २००७मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून सर्वांसाठी खुलं झालेलं स्क्रॅच त्याच घराण्यातलं: मूल स्वतः बनवत, चुका शोधत शिकतं असं मानणारं. मी उघडपणे या घराण्याची आहे. चूक पुसून देणाऱ्या पालकाने मुलाचा धडाच पुसला, असं मी मानते.

मग गेमर पालकाने करायचं काय? खेळायचं! वर्षानुवर्षं खेळून कमावलेली नजर शिक्षकाला फारशी लागत नाही, परीक्षकाला मात्र हटकून लागते. हे वडील म्हणाले, ‘मासा मांजरीपासून इतका लांब पडतो, की हरल्यावर माझी चूक वाटत नाही.’ मुलीने मांजरीचा वेग सातवरून दहा केला. अशी एका डावामागे एकच तक्रार करायची. दुसरी सुचली तर गिळायची.

खेळायची वेळ आणि बनवायची वेळ वेगळी ठेवा. बसायचं पाऊण तास. उठण्यापूर्वी फाइल कॉम्प्युटरवर उतरवायची: मांजर १, मांजर २. खातं न काढता ब्राउझर बंद केला तर काम गेलं, आणि त्या दिवशी मुलं खरोखर सोडतात.

गोडो नंतर येईलच. स्क्रॅच अपुरं पडतंय अशी कुरकुर मुलाने सुरू केली की. तिथे सपाट (टूडी) गेममध्ये उभा अक्ष उलटा, खाली गेलं की आकडा वाढतो. त्यामुळे उडीचा वेग उणे ४०० असा लिहावा लागतो. स्क्रॅचमधून आलेलं मूल अधिक ४०० लिहितं आणि पात्र उडतच नाही. हे आधी सांगू नका.

शेवटच्या भेटीत वडिलांची नवी तक्रार होती. तीन आठवडे गेम तसूभर पुढे गेलेला नाही, ही नुसती माशांची चित्रं काढत बसते.

‘किती झाले?’ मी मुलीला विचारलं.

‘एकोणीस. एक विषारी आहे. तो पकडला की मांजरीचे गुण जाणार. बाबाला अजून सांगितलं नाहीये.’