वैद्यांकडे जाण्याआधी

अगं, विरार लोकलमध्ये छाती धडधडते म्हणालीस, तर आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. ते ठीक असेल आणि ही धडधड चिंतेमुळे, घाबरण्यामुळे होत असेल, तर आयुर्वेदात या अवस्थेला चित्तोद्वेग म्हणतात. जागरण, अवेळी जेवण आणि सततच्या धावपळीने शरीरातला वात हा दोष वाढतो, असं वैद्य सांगतात. वरळीच्या पोदार आयुर्वेदिक रुग्णालयात दाखव. अश्वगंधा मात्र दुकानातून आणून आपल्या मनाने सुरू करू नकोस. थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ती त्रास देऊ शकते, गरोदरपणात तर नकोच. मानसोपचारतज्ज्ञांची गोळीही परस्पर सोडू नकोस, हे कळकळीने सांगते. मी सुरुवात केली ती रात्री तळपायांना कोमट तिळाचं तेल चोळण्यापासून. संध्याकाळचा चहाही सोडला. हळूहळू झोप लागू लागली. फारच घाबरल्यासारखं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, रात्रीसुद्धा.