ट्रायल संपली, गजर चालूच

"औषध संपलं, रिपोर्टही चांगला आला. मग झोप का लागत नाही?"

मी समुपदेशक आहे. हेपेटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार. त्याच्या औषधाच्या ट्रायलमधून, म्हणजे माणसांवर घेतलेल्या चाचणीतून, बाहेर पडलेली माणसं हा प्रश्न माझ्याकडे हमखास घेऊन येतात. कोणी सरळ विचारतं, कोणी बायकोला पुढे करतं. एकजण तर "सहज आलो होतो, बीपी बघून घ्यावं म्हटलं" असं म्हणून तासभर बसले होते. प्रत्येक वेळी मला एक काका आठवतात. त्यांच्या आणि काकूंच्या परवानगीने त्यांची हकिकत इथे लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. कृष्णाकाठचं गाव, वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं मोजकं. 1994 साली वर्कशॉपमध्ये पायावर जॅक घसरला, ऑपरेशन झालं, दोन बाटल्या रक्त चढवलं. रक्तपेढ्यांमध्ये प्रत्येक बाटलीची हेपेटायटिस सीसाठी तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली ती 2001 मध्ये. त्यामुळे विषाणू तिथूनच आला असावा, असा डॉक्टरांचा अंदाज. ह्या आजाराची खोड अशी की तो पंधरा-वीस वर्षं काही बोलतच नाही. काकांचं कळलं ते 2010 मध्ये, तेही मुलीच्या लग्नाच्या धावपळीत चक्कर आली म्हणून रक्त तपासलं तेव्हा.

2011 मध्ये त्यांनी इंटरफेरॉन घेतलं, हा त्या वेळचा उपचार. आठवड्याला एक इंजेक्शन, रोज रायबाविरिनच्या गोळ्या, सलग चोवीस आठवडे. इंजेक्शनच्या रात्री हुडहुडी भरून ताप यायचा. केस विरळ झाले, चिडचिड एवढी वाढली की डेपोतली माणसं लांबूनच जायची. खर्चासाठी पीएफमधून पैसे काढले. शेवटी रिपोर्ट आला, विषाणू सापडला नाही. पेढे वाटले. आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तर विषाणू परत हजर.

हा पेढ्यांचा प्रसंग मला पहिल्या भेटीत माहीत नव्हता. माहीत असता तर मी केलेली चूक टळली असती.

ते आले 2018 च्या सुरुवातीला. पुण्यात एका ट्रायलमध्ये त्यांनी बारा आठवडे रोज एक गोळी घेतली होती. शेवटची गोळी घेऊन तीन आठवडे झाले होते. काकूंनीच सुरुवात केली. "मॅडम, औषध चालू होतं तोवर हे ठणठणीत होते. बंद झाल्यापासून यांचं जेवण गेलंय. आणि रोज सकाळी नऊला गजर वाजतो."

"कसला गजर?"

काका खाली बघत होते. गोळीची वेळ नऊची होती. गोळ्या संपल्या तरी गजर त्यांनी बंद केला नव्हता. तो वाजला की ते उठून पाणी प्यायचे. नुसतं पाणी. आणि ट्रायलवाल्यांनी दिलेली डायरी भरून परत केली होती, म्हणून नातवाच्या जुन्या वहीत रकाने आखून पुढच्या नोंदी चालू ठेवल्या होत्या: ताप नाही, मळमळ नाही, लघवी पिवळी, थोडी.

मी रिपोर्ट पाहिला. उपचाराच्या शेवटी विषाणू नाही. मी अगदी मोकळ्या मनाने म्हटलं, "काका, हे बघा, रिपोर्ट निगेटिव्ह आहे. आता काळजीचं कारण नाही."

त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचं जुनं पाकीट काढलं आणि त्यातला कागद माझ्यासमोर ठेवला. 2011 चा रिपोर्ट. अक्षरं पुसट झाली होती, पण मजकूर तोच, विषाणू आढळला नाही.

"तेव्हाच्या मॅडमपण हेच म्हणाल्या होत्या," ते म्हणाले.

मी गप्प बसले. समुपदेशनात धीर देण्याची घाई बहुतेक वेळा समोरच्यासाठी नसते, आपल्यालाच ती शांतता सोसत नाही म्हणून असते. निदान माझं तरी तसंच आहे.

मग मी फक्त विचारत गेले आणि हळूहळू बाहेर आलं की भीती एकटी नव्हती. बारा आठवडे ह्या माणसाची जावयासारखी विचारपूस झाली होती. पुण्याला गेलं की नाव पुकारून आत घेणार, ईसीजी काढणार, रक्ताच्या नळ्या भरणार, उरलेल्या गोळ्या मोजून घेणार, प्रवासखर्च हातात देणार. ट्रायलची को-ऑर्डिनेटर मुलगी अधूनमधून फोन करायची, "काका, गोळी चुकली नाही ना?" आयुष्यभर इतरांच्या गाड्यांखाली झोपून काम केलेल्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी एवढं बारकाईने तपासत होतं. आणि एके दिवशी रिकाम्या बाटल्या जमा झाल्या, सही झाली, संपलं. त्या मुलीचा नंबर लागेना. तिने नोकरी बदलली होती.

शिवाय ट्रायलच्या बाकावर ओळख झालेल्या एकाचा फोन आला होता. त्याचा विषाणू परत आला होता. काकांची झोप उडाली ती त्या रात्रीपासून.

"मॅडम," ते म्हणाले, "आमच्याकडं आधी काम करतात, मग गाडीची ट्रायल घेतात. ट्रायल झाली की गाडी मार्गावर. तुमच्याकडं ट्रायल झाली की पुढं काय?"

एवढा नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. मी म्हटलं, उत्तर आपण दोघं मिळून शोधू. मला सगळं येत नाही.

पुढच्या भेटीला मी त्यांना सहभागाच्या संमतीचे कागद आणायला सांगितले. सही करून घेतली की त्याची एक प्रत सहभागी माणसाला द्यावीच लागते. ती बहुतेक घरांत मिळते, गादीखाली किंवा देवघराच्या खणात, पण वाचलेली नसते. काकांचीही नव्हती. मराठीत छापलेली असूनही. "एवढी पानं कोण वाचतंय, डॉक्टर भले वाटले म्हणून सही केली." आम्ही दोघांनी ती ओळ न ओळ वाचली. त्यात लिहिलं होतं की शेवटच्या गोळीनंतर चौथ्या आणि बाराव्या आठवड्यात तपासणी आहे. म्हणजे ट्रायल संपलीच नव्हती, फक्त गोळ्या संपल्या होत्या. खाली मुख्य संशोधक डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे सहभागी माणसांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर होता. काकांनी त्या नंबरांखाली बॉलपेनने रेघ मारली, दोनदा.

औषधाबद्दलची शंका मात्र माझ्या आवाक्याबाहेरची होती. मी त्यांना आमच्या यकृततज्ज्ञ डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि स्वतःही ऐकत बसले. इंटरफेरॉन शरीराच्या प्रतिकारशक्तीला चिथावणी देत असे, विषाणूशी लढाई शरीराची. नव्या गोळ्या थेट विषाणूची नक्कल तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतात. आणि हेपेटायटिस बी किंवा एचआयव्हीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात ठाण मांडून बसतो, तसं सीचं नाही. त्याचा आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय साचा, केंद्रकात शिरतच नाही, लपायला त्याला जागा नाही. नवीन नकला थांबल्या की जुन्या संपतात. म्हणून हा आजार पुरता बरा होऊ शकतो, नुसता आटोक्यात राहतो असं नाही. थोडा जरी उरला असेल, तर तो औषध थांबल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच डोकं वर काढतो. बाराव्या आठवड्याला रक्तात सापडला नाही, तर नंतर परतण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी.

"आणि सापडला तर?" काकांनी विचारलं.

हा प्रश्न घरात कोणी तोंडातून काढू देत नव्हतं. काकू लगेच "शुभ बोला" म्हणायच्या. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "तर दुसऱ्या गोळ्यांची जोडी, गरज पडल्यास सोबत रायबाविरिन, आणि जास्त दिवस. रस्ता बंद होत नाही."

मी काकांकडे बघत होते. रिपोर्ट चांगला असल्याचं ऐकून जो माणूस हलला नव्हता, तो रिपोर्ट वाईट आला तर काय करायचं हे ऐकून खुर्चीत मागे रेलून बसला.

घरातलं एक काम बाकी होतं. काका आपलं ताट-तांब्या वेगळा ठेवत आणि चार वर्षांच्या नातवाला मांडीवर घेत नसत. हा विषाणू रक्तातून जातो; जेवणातून, पाण्यातून, मिठी मारल्याने नाही. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश वेगळा हवा, बस. हे त्यांना 2011 पासून ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि मांडी पुढे करणं यात सात वर्षं गेली. मी उपदेश केला नाही. काकूंना म्हटलं, नातवाला एकदा इकडे घेऊन या. तो आला आणि माझ्या टेबलावरचे स्टेपलर वगैरे उचकून झाल्यावर आपणहून आजोबांच्या मांडीवर चढला. काका ताठ बसून होते, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे.

चौथ्या आठवड्याचा रिपोर्ट चांगला आला. बाराव्याचाही. ह्या वेळी पेढे कोणी आणले नाहीत. काकूंनी शेंगदाण्याचे लाडू दिले, "सहज केले होते" म्हणून.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण आणखी दोन धक्के बाकी होते. मी ते आता प्रत्येकाला आधीच सांगते, कारण काकांना सांगायचं माझ्याकडून राहिलं.

पहिला, यकृताचा. विषाणू गेला तरी आधीच्या वीस-पंचवीस वर्षांत यकृतावर व्रण पडून ते कडक झालं होतं, सुरुवातीचा सिरोसिस होता. अशा यकृतात कर्करोगाचा धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. हे ऐकून काका उखडले. "बरा झालो म्हणता आणि परत बोलावता?" मी शब्द जुळवत होते तेवढ्यात त्यांचं त्यांनीच म्हटलं, "म्हणजे इंजिनचं काम झालं, पण गाडी जुनी. पासिंगला न्यावीच लागणार." मी ती उपमा पुढे बऱ्याच जणांना दिली आहे, त्यांचं नाव न सांगता.

दुसरा धक्का वर्षभराने. हर्नियाच्या ऑपरेशनआधी एका रुग्णालयात रक्त तपासलं आणि हेपेटायटिस सी 'रिअ‍ॅक्टिव्ह' आलं. त्यांना यादीत सगळ्यात शेवटी टाकलं, फाइलवर लाल अक्षरांत शेरा मारला, आणि वॉर्डमधल्या कोणीतरी सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं का?" काकांचा फोन आला तेव्हा आवाज पहिल्या दिवसासारखा झाला होता. "आला परत, मॅडम."

आला नव्हता. ती तपासणी अँटिबॉडीची होती. एकदा विषाणू येऊन गेला की अँटिबॉडी, म्हणजे शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेलं प्रथिन, बहुतेकदा आयुष्यभर रक्तात राहते, बरं झाल्यावरही. विषाणू आत्ता आहे का, हे आरएनएच्या तपासणीत कळतं. मात्र ही अँटिबॉडी पुन्हा लागण होण्यापासून वाचवत नाही, आणि ह्या आजारावर लसही नाही. रक्तदानही करता येत नाही. आपल्याला कोणाच्या तरी बाटलीने वाचवलं, तर आपणही द्यावं, असं काकांच्या मनात होतं. ते मात्र जमणार नव्हतं, आणि त्याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं.

मी त्या सर्जनशी बोलले, काकांनी बाराव्या आठवड्याचा आरएनए रिपोर्ट पाठवला, दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. शेरा मात्र फाइलवर तसाच राहिला.

पुढच्या सोनोग्राफीला आले तेव्हा त्यांच्या पिशवीत नवं पाकीट होतं. सगळ्यात वर आरएनएचा रिपोर्ट, जाडजूड लॅमिनेट केलेला. लॅमिनेशनच्या उष्णतेने काही कागद काळे पडतात, म्हणून मी घाबरून विचारलं, "काका, मूळ प्रत तर नाही ना केली?"

"छे ओ, झेरॉक्स आहे. मूळ हिच्या कपाटात, साड्यांखाली." काकूंनी मान डोलावली. "आणि किल्ली माझ्याकडं."