पॅरिसच्या सिनेमात अपाचे कुठून आले?

प्रश्न असा होता की गोमाँ या फ्रेंच कंपनीची १९०३ ची एक छोटी विनोदी मूकफिल्म आहे, 'ले आपाश पा व्हेनार', तिचं मराठी कोणीतरी 'दुर्दैवी अपाचे' केलंय, अपाचे ही तर अमेरिकेतली आदिवासी जमात, मग त्यात रेड इंडियन का नाहीत?

कारण हे अपाचे ते नाहीतच. त्या काळात पॅरिसमध्ये आपाश म्हणजे बेलव्हिल, बास्तीय, मोंमार्त्र या बाजूची टोळक्यातली तरुण गुंड पोरं. अमेरिकेतल्या अपाचे लोकांच्या लढायांच्या, क्रूरपणाच्या तिखटमीठ लावलेल्या गोष्टी फ्रेंच वाचक आवडीने वाचायचे, तेच नाव पेपरवाल्यांनी या पोरांना चिकटवलं. १९०२ मध्ये मांदा आणि लेका हे दोन टोळीवाले आमेली एली नावाच्या बाईवरून भर रस्त्यात भिडले (सोनेरी केसांमुळे तिला कास्क दॉर म्हणजे सोन्याचं शिरस्त्राण म्हणायचे), पेपरांना महिनोन्महिने खाद्य मिळालं आणि शब्द घरोघर गेला. डोक्याला कॅप, गळ्यात रुमाल, पायात चकचकीत बूट, आणि लुटायची एक ठरलेली पद्धत, एकाने मागून येऊन माणसाच्या गळ्यात रुमाल टाकून त्याला पाठीवर उचलायचं, तो तडफडतोय तोवर दुसऱ्याने खिसे साफ करायचे. याला फ्रेंचमध्ये चक्क 'फ्रांस्वाबाबाचा डाव' असं नाव आहे!

भाषांतरात 'भामटे' चालेल का असंही विचारलंय. जमातीचं नाव आणि शिवी एकच, एवढ्यापुरतं ते जुळतं खरं, राजपूत भामटा आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. पण आपल्याकडे भामटा गोड बोलून गंडवतो, आपाश तर सरळ गळाच धरतो. आणि एका जमातीची बदनामी काढून तिथे दुसरीची बसवायची, हे मला तरी पटत नाही. टपोरी म्हटलं की डोळ्यासमोर मुंबईच येते, उडाणटप्पू फारच सोज्वळ. मी मवाली घेईन.

राहिला व्हेनार. 'व्हेन' म्हणजे शीर, खाणीतली धातूची शीरसुद्धा, ती लागली की नशीब उघडलं, म्हणून व्हेनार म्हणजे नशीबवान, आणि 'पा' म्हणजे नाही. दुर्दैवी शब्दाने उगाच शोकांतिका वाटते, विनोदी फिल्मला 'फुटक्या नशिबाचे मवाली' जास्त शोभेल. आणि हो, फ्रेंचमध्ये अनेकवचनाचा शेवटचा एस उच्चारत नाहीत, त्यामुळे एक असो की दहा, आपाशच.