मागच्या अंगणातल्या तारेच्या जाळीवर कुत्रा सतत उड्या मारतो, काय करावं?

आधी त्याला पलीकडचं दिसणं बंद करा. नाशकात शेतीसामानाच्या दुकानात हिरवी शेडनेट (सावलीसाठीचं जाळीदार कापड) सहज मिळते. ७५ किंवा ९० टक्के सावली देणारी घ्या, ५० टक्क्यांच्या नेटमधून हालचाल दिसतेच. जमिनीपासून पाच फुटांपर्यंत, जाळीच्या बाहेरच्या बाजूने लावा (आतून लावली तर नखं अडकून लवकरच चिंध्या होतात) आणि दर फुटाला केबल टाय मारा. खालची कड सैल राहिली तर वाऱ्याने फडफडते, मग त्यावरच भुंकणं सुरू. कुंड्या, विटांचा ढीग वगैरे जाळीपासून चार फूट मागे घ्या, नाहीतर त्याला आयती पायरी मिळते.

ओरडू नका; त्याला वाटतं तुम्हीही सोबत भुंकताय. काही दिवस हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) १५ फुटी दोरी बांधून, तुम्ही समोर असतानाच सोडा. दोरी गळपट्ट्याला नको, झटका मानेला बसतो. जाळीकडे निघाला की उडीच्या आधीच हाक मारून वळवा आणि चारही पाय जमिनीवर असताना उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. उडीनंतर दिलात तर उडीच पक्की होते. काचा, काटेरी तार मात्र अजिबात नको, पंजे फाटतात.