सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' ही कादंबरी बेताचीच वाटली, तर दुसरा भाग वाचावा का?
होय, 'कॅचिंग फायर' (2009) अवश्य वाचावे, कारण ते पहिल्या पुस्तकापेक्षा सरस आहे. ठाण्यात नौपाड्यातील आमच्या वाचनगटात दोन्ही भाग सलग वाचले, तेव्हा जाणवले की पहिल्यात सत्तेने मुलांवर लादलेल्या जीवघेण्या खेळात नायिका कॅटनिसची केवळ जीव वाचवण्याची धडपड आहे, तर दुसऱ्यात त्या जिंकण्याची राजकीय किंमत वसूल केली जाते. विजेत्यांच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून निघणाऱ्या विजययात्रेत अकराव्या जिल्ह्यातील एक म्हातारा खेळात मारल्या गेलेल्या तिथल्याच रू या मुलीची चार सुरांची शीळ घालतो आणि सर्वांदेखत गोळी घालून मारला जातो. सत्ता किती धास्तावली आहे, हे त्या एका प्रसंगातून कळते. दुसऱ्या भागातील खेळाचे घड्याळासारखे बारा भागांचे रिंगणही (दर तासाला नवे संकट) अधिक कल्पक आहे. मात्र त्यात शिरेपर्यंत निम्म्याहून अधिक पुस्तक संपते आणि शेवट अधांतरी राहतो, त्यामुळे 'मॉकिंगजे' हा तिसरा भाग आधीच आणून ठेवावा.