क्रॉस-सेक्शन (न्यूट्रॉन आदळून अभिक्रिया होण्याची शक्यता) काढायला लोखंडाची फॉइल, म्हणजे पातळ पत्रा, मुंबईत न्यूट्रॉनने किरणित करून तिच्या गॅमा किरणांची मोजणी नाशिकला केली तर चालेल का?

चालेल, पण परवडणार नाही. लोह-५६ वर १४ एमईव्ही ऊर्जेचे वेगवान न्यूट्रॉन पडून बनणाऱ्या मँगनीज-५६ चं अर्धायुष्य २.५८ तास. कसारा घाटात अडकून पाच तास गेले, की हातात जेमतेम चौथाई उरते. जमलं तर मुंबईतल्याच जर्मेनियम डिटेक्टरवर (जवळजवळच्या गॅमा ऊर्जाही वेगळ्या दाखवणारा) मोजा.

फ्लक्ससाठी, म्हणजे किती न्यूट्रॉन पडले ते कळायला, लोखंडाच्या पुढे-मागे ॲल्युमिनियमची फॉइल लावा. तिच्यातलं सोडियम-२४ (अर्धायुष्य १५ तास, गॅमा १३६९ केईव्हीचा) नाशिकपर्यंत आरामात टिकतं. गोची वेगळीच आहे: त्याच ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम-२७ पण बनतं. त्याची गॅमा रेषा ८४४ केईव्हीला, मँगनीजची ८४७ ला. सोडियम आयोडाइडच्या, कमी बारकाईच्या डिटेक्टरवर दोन्ही मिळून एकच ढेकूळ दिसतं. फॉइल सुट्या करून मोजा, नाहीतर दोन तास थांबा. साडेनऊ मिनिटं अर्धायुष्याचं मॅग्नेशियम तोवर संपतं.

आणि फॉइल शुद्ध लोखंडाचीच घ्या. सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमधला पोलादी पत्रा नको! पोलादातलं मँगनीज भिंतींवरून परतलेले मंद न्यूट्रॉन गिळून तेच मँगनीज-५६ देतं, आणि क्रॉस-सेक्शन उगाच फुगतं. हे मंद न्यूट्रॉन अडवायला वरून १ मिमी कॅडमियम गुंडाळा.

सोडियम मोजताना फॉइल डिटेक्टरला चिकटवू नका, १० सेंमी तरी लांब ठेवा. त्याचे दोन गॅमा एकदम आत शिरले, की १३६९ च्या शिखरातले काउंट गळतात.