ओपन सोर्स प्रकल्पात रिलीजची तारीख आधी ठरवावी, की टेस्टिंग पूर्ण झाल्यावरच रिलीज करावं? टेस्टिंगला किती दिवस ठेवावेत?

तारीख आधी ठरवा, आणि त्या तारखेला जे तयार नसेल ते बाहेर काढा. "टेस्टिंग पूर्ण झाल्यावर बघू" म्हणणाऱ्या प्रकल्पात टेस्टिंग सुरूच होत नाही, हे मी जवळून बघितलंय.

खानापुरात माझ्या मामांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची हँडबिलं. आमच्या भागात नवरदेव खानापूरचा आणि नवरी गोकाकची असं सर्रास असतं, मग पत्रिकेला एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मांडणीसाठी आम्ही एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरायचो. तो प्रकल्प चालवणारा माझा कॉलेजचा मित्र, आणि टेस्टिंग माझ्याकडे, मामांच्या खऱ्याखुऱ्या पत्रिकांवर. त्यात 'दुसऱ्या', 'कऱ्हाड' असले शब्द मी मुद्दाम ठेवायचो, कारण हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी नुक्त्याचा ऱ घेतं, कुणी साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडक. कन्नडमध्ये असाच एक न दिसणारा, पण अक्षरं वेगळी ठेवणारा असतो. तो काढला तर 'राजकुमार' लिहिताना क जाऊन ज-च्या खाली लटकतो.

आरसी (रिलीज कॅन्डिडेट, म्हणजे रिलीजआधी तपासायला काढलेली आवृत्ती) आली, मी तपासली, ठीक होती. रिलीज कधी विचारलं तर उत्तर, "झालं की सोडू." तारीखच नाही म्हटल्यावर बाकी कुणी ती आरसी उघडूनही बघितली नाही. आणि तारीख नाही म्हणून नवं काम आत येणंही थांबेना. दुसऱ्या आरसीनंतर मित्रानं एक बदल घातला: बाहेरून पेस्ट केलेला मजकूर आपोआप साफ करायचा, म्हणजे सगळी न दिसणारी अक्षरं उडवायची. मी कोड वाचला आणि त्याच संध्याकाळी लिहिलं, हे मागे घे, मराठी आणि कन्नड दोन्ही मोडेल. "छोटा बदल आहे की रे, पुढच्या आवृत्तीत बघू." रात्री फायनल म्हणून सोडून मोकळा. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर ते आपोआप अपडेट झालं.

ऐन लगीनसराई. प्रूफ पास झालेल्या एका पत्रिकेचं मंगल कार्यालय बदललं. पार्टीनं सगळा मॅटर नव्यानं व्हॉट्सॲपवर पाठवला, मामेभावानं पेस्ट केला, पत्ता आणि मुहूर्त ताडून बघितला, प्लेट काढली. छपाई, कटिंग सगळं झाल्यावर मामांच्या नजरेला पडलं. 'दुसऱ्या दिवशी सत्यनारायण'च्या जागी 'दुसर्या दिवशी', आणि मागच्या बाजूला नवरीच्या वडिलांच्या नावातला क ज-खाली. मामांनी पदरचे पैसे घालून सगळी पुन्हा छापली, गिऱ्हाइकाला कळूही दिलं नाही. मला फोन करून एवढंच म्हणाले, "तू तपासलेलंस ना रे हे?" तपासलेलं होतं. पण जे तपासलं ते सोडलंच नव्हतं.

मित्राचं आजही म्हणणं, तारखेच्या घाईनंच बग येतात. साफ चूक. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बघा. पहिले दोन आठवडे नवं काम घेतात, मग आरसी-1, आणि पुढे दर रविवारी एक आरसी, त्यात फक्त दुरुस्त्या. साधारण सातव्या-आठव्या आरसीनंतर रिलीज. ज्याचं राहिलं त्यानं नऊ-दहा आठवडे थांबायचं. पुढची संधी कधी ते पक्कं माहीत असलं की अर्धवट काम रेटायचा मोह राहत नाही. उलट फेडोरा या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची 18 वी आवृत्ती नोव्हेंबर 2012 मध्ये यायची ती 15 जानेवारी 2013 ला आली. इन्स्टॉलर नव्यानं लिहायला घेतलेला, तो वेळेत होईना, आणि जुन्यावर परत जाणं सोपं राहिलं नव्हतं. यात तारखेचा काय दोष?

डेबियन, हीही लिनक्सवरचीच सिस्टिम, तारीख फार आधी जाहीर करत नाही, हे मान्य. पण फ्रीज, म्हणजे नवे बदल घेणं बंद, कधीपासून ते सांगतात, टप्प्याटप्प्यानं नियम आवळत नेतात, आणि रिलीज अडवणारे बग किती उरलेत ते कुणालाही बघता येतं. त्याला "झालं की सोडू" म्हणत नाहीत. तशाच उबंटू सिस्टिमनंही 2006 ची एप्रिलची आवृत्ती जूनमध्ये आणली, म्हणून तर तिचा नंबर 6.06. पण आधी चर्चा करून, सगळ्यांना सांगून.

दिवस किती, तर छोट्या प्रकल्पाला दोन-तीन आठवडे माझ्या मते पुरे. त्यापेक्षा हे पाळा: शेवटच्या आरसीनंतर एक ओळ जरी बदलली तरी नवी आरसी काढायची, आणि तिलाही निदान काही दिवस द्यायचे. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर मात्र तारखेची वाट बघू नका. आणि लिहिणारे-वापरणारे तुम्ही दोघंच असाल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही.

पण तिसरा माणूस वापरायला लागला, की आरसीनंतर मर्ज करायचा, म्हणजे बदल आत घ्यायचा, अधिकार एकट्याकडे ठेवू नका, मग तो कितीही हुशार असो, कितीही जुना मित्र असो. दुसऱ्या कुणाचा तरी होकार लागलाच पाहिजे, आणि मजकुराला हात लावणारा बदल असेल तर ती भाषा रोज टाइप करणाऱ्याचा.